बाराव्या अक्षरानंतर

तुळशीचं लग्न झालं, त्यानंतरच्या रविवारी सकाळी शिवाजी पेठेतल्या दस्तगीर सरांच्या पुढच्या खोलीत आमचा व्यवहार ठरला. काम : माझ्या मुलीच्या, अमृताच्या, लग्नासाठी एक मंगलाष्टक. मोबदला : एक नारळ आणि विड्याची दोन पानं. हजर तिघं : सर, त्यांच्या पत्नी हसीनाभाभी आणि मी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, खर्च काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची म्हटलं की आधी काम, मोबदला आणि हजर माणसं तोंडात येतात. सर या सवयीला हसायचे. म्हणायचे, "विलास, तू देवाच्या दारात गेलास तरी पहिल्यांदा कोटेशन मागशील." माघातल्या एका सकाळी मी ऑफिसात एका पंपाच्या बॉडीचं वजन तपासत बसलो होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. "सर गेले हो..." एवढंच सुनीता म्हणाली. लग्न तीन आठवड्यांवर होतं. समोरच्या कागदावरचं वजन मी पुन्हा वाचलं, आणखी एकदा वाचलं, आणि ते किलोत आहे की ग्रॅममध्ये हे मला कळेना.

आमच्या पेठेत लग्नाला भटजींच्या मंगलाष्टकांशिवाय एक घरचं मंगलाष्टक लागतंच. त्यात दोन्ही घरची नावं गुंफलेली असतात, माइकवर कुणीतरी ते म्हणतं, आणि आपलं नाव आलं की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. ते लिहून देणारे एकच, दस्तगीर सर. हायस्कूलात मराठी शिकवत त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, एका गल्लीतला शेजारी. सकाळी नावांची चिठ्ठी द्यायची, संध्याकाळी मंगलाष्टक तयार. कार्यालयात अंतरपाटाशेजारी उभं राहून म्हणायलाही तेच. माझ्या लग्नातही त्यांनीच म्हटलं होतं. त्यांचा आवाज असा, की पंगतीचे वाढपी हातात भाताचं ताट घेऊन दारात थांबायचे.

व्यवहार ठरला त्या रविवारी मी सगळ्यांसारखी चिठ्ठी पुढे केली. सरांनी ती वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाले की ह्या खेपेला तू लिहायचंस. मला वाटलं चेष्टा करतात. त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं तोवर गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. जिना चढला की ते मधल्या पायरीवर भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि कुणी बघितलं तर छताकडे बघून कोळिष्टकं किती झालीत म्हणायचे. म्हणून मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो. त्यावर ते म्हणाले, "लेक तुझी हाय. मी लिवलं तर ते शेजाऱ्याचं हुईल. मी शिकवतो. शिकवणीचा नारळ घेतो." भाभी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विलासभाऊ, ह्यांना न्हाय म्हणू नका. विद्यार्थी मिळाला न्हाय की हे माझीच शिकवणी घेतात."

मग दर रविवारी मी जाऊ लागलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, वही-पेन घेऊन. पहिला धडा मला फार आवडला, कारण तो मोजणीचा होता. मंगलाष्टकाचं वृत्त ठरलेलं, एका ओळीत एकोणीस अक्षरं. कुठलं आखूड, कुठलं लांब, तेही ठरलेलं. आखूड ते लघू, लांब ते गुरू. मला वाटलं हे तर आपलंच काम, किती चूक चालेल त्या टॉलरन्ससकट. आठवड्याभरात मी आख्खं मंगलाष्टक करून नेलं. दोन्ही घरची माणसं बसवली होती : आजी, आजोबा, तीन आत्या, कबनूरच्या व्याह्यांची सगळी भावकी. सुनीताचा भाऊ दत्ता, म्हणजे नवरीचा मामा, त्याला तर दोनदा घेतला होता, कारण एका ठिकाणी दोन अक्षरं कमी पडत होती. एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती. सरांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यात हसू फुटून त्यांना ठसका लागला. भाभी पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, "लेका, ही पत्रिका हाय. नुसतं किलबिल करणाऱ्या पोरांची नावं राहिलीत बघ."

मला राग आला, हे खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, अक्षरं मोजून घ्या. ते म्हणाले, अक्षरं बरोबरच आहेत, साचा एकदम झकास झालाय, पण तू त्यात ओतलंस काय? फाउंड्रीतल्या माणसाला असं विचारल्यावर तो वही मिटून घरी जातो.

दुसरा धडा यतीचा. एकोणीस अक्षरांत बाराव्यानंतर थांबायचं असतं, त्या थांब्याला यती म्हणतात. मी म्हणालो, थांबून काय मिळतं, ओळ तर सरळ पुढेच जाते. सर तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले, त्यांनी त्यातलंच सांगितलं. पास आला की गडबडीत मारला तर बॉल प्रेक्षकांत जातो. पायाखाली घ्यायचा, एक क्षण दाबून धरायचा. त्या क्षणाला सगळं मैदान श्वास रोखतं. "गोल नंतर हुतोय, विलास. माणसं जीव त्या थांबण्यात लावतात." मी ओळ म्हणायचो आणि बाराव्या अक्षराला ते माझ्या वहीवर उजव्या हाताची दोन बोटं हलकेच आपटायचे. टक टक. की मग पुढची सात अक्षरं. पुढेपुढे घरी एकटा म्हणत असलो तरी मला ती बोटं ऐकू यायची. यमकाबद्दल ते फारसं बोलले नाहीत. यमक म्हणजे दार लागल्याचा आवाज, आत घर असेल तर त्याला अर्थ, इतकंच म्हणाले.

घर मात्र मला सापडत नव्हतं. पौष लागला. सरांच्या खोलीत लोखंडी कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी असतानाही रविवार चुकवायचा नाही, हा त्यांचा हट्ट, आणि मी गेलो नाही तर ते चिडतात म्हणून भाभींचा निरोप. अशाच एका रविवारी त्यांनी विचारलं की अमृताचं नाव घेतलं की डोळ्यांपुढं काय येतं. मी सांगू लागलो : बीकॉम पहिल्या वर्गात, शिरोलीतच एका ऑफिसात नोकरी, लग्नानंतरही करणार... त्यांनी हात वर केला. "हिशेब नको. चित्र सांग." मशीन घरघरत होतं. मग मी सांगितलं, की ती चार-पाच वर्षांची असताना मी कारखान्यातून काळ्या मातीनं भरून यायचो, तेव्हा ती दोन्ही हातांनी पाण्याचा तांब्या धरून उंबऱ्यात उभी असायची. अर्धं पाणी तिच्याच फ्रॉकवर सांडलेलं असायचं. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय की. हे घर. आता ह्याच्यात बाकी कुणाला घिऊ नकोस."

दोन ओळींना तीन रविवार लागले. त्या अशा :

येता मी दमुनी, उभी चिमुकली, दारात तांब्या धरी,
जाते आज घरी तुझ्या. दमुन ती येता, तसे तू करी.

दुसरी ओळ जावयाला उद्देशून आहे. वरमाईला आवडेल का, अशी शंका मी काढली, तर सर म्हणाले की कवितेला कुणाशी बोलायचंय हे एकदा ठरलं की बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं असतं. उरलेल्या दोन ओळी आशीर्वादाच्या, त्या त्यांनीच सांगितल्या. "एवढं शेजाऱ्याचं असू दे," म्हणाले.

मग त्यांनी ते म्हणून बघायला घेतलं. आणि जे मी मोजायला नको होतं ते माझ्याकडून मोजलं गेलं. पूर्वी त्यांचा एक श्वास एकोणीस अक्षरं नेऊन वर उरायचा, यतीला ते थांबायचे ते केवळ ओळीसाठी. त्या दिवशी ओळ 'येता मी दमुनी उभी'पर्यंतच गेली आणि श्वास संपला. आठ अक्षरं. पुढच्या रविवारी 'दमुनी'वर. सहा. मी वहीत डोळे घातले होते. त्यांना माझी सवय माहीत होती. म्हणाले, "मोजतोयस न्हवं? मोज. यती आता माझ्या हातात न्हाय, बघ. जिथं पडंल तिथं." भाभी दाराशी ओल्या हातानं उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

तोच शेवटचा रविवार. मी निघताना विचारलं की मग लग्नात म्हणणार कोण. मनात होतं की ते म्हणतील, तोवर बरा होतो मी. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, सर, मला गाता येत नाही, मी आयुष्यात आरतीलासुद्धा फक्त टाळ्या वाजवल्या आहेत. ते तीन-चार श्वास घेत बोलले. "गाऊ नकोस. सरळ म्हण... पण बाराव्याला थांब... घाई करू नकोस... थांब." आणि कॉटच्या लोखंडी दांड्यावर दोन बोटं आपटली. टक टक. त्यानंतरच्या शुक्रवारी फोन आला. कबरस्तानात मी तीन मुठी माती दिली. माझ्या शर्टाच्या खिशात ते मंगलाष्टक घडी करून होतं आणि वाकलो की कागद छातीला टोचत होता.

दत्ताला आपलं नाव नसल्याचं लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं की भावजी, पेठेतल्या प्रत्येक मंगलाष्टकात मामा असतो, मी काय गुन्हा केलाय तो सांगा. मी त्याला कागद वाचायला दिला. तो वाचून कागद परत देताना म्हणाला, "सरांनी बघितलंय न्हवं? मग राहू दे."

कार्यालयात अंतरपाट धरला गेला. भटजींचं झालं आणि माइक माझ्या हातात आला. दत्ता अमृताच्या मागे उभा होता. मी पहिली ओळ सुरू केली. 'येता मी दमुनी, उभी चिमुकली'... आणि थांबलो. मला थांबायचंच होतं. पण थांबल्यावर पुढे जायची खूण नेहमी दुसऱ्याच्या बोटांनी दिलेली. मी तिची वाट बघत राहिलो. खरोखर बघत राहिलो. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि हॉलमध्ये पंख्यांशिवाय आवाज नाही. लोकांना वाटलं असेल बाप गहिवरला. अमृतानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुढे काय येणार हे तिला ठाऊक नव्हतं, पण चेहरा तसाच होता, उंबऱ्यातला. मग मी म्हणालो, 'दारात तांब्या धरी'. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. उरलेल्या ओळी मी म्हटल्या, प्रत्येक ओळीत बाराव्याला थांबलो, आणि एकदाही टक टक आली नाही.

पाहुणे मार्गी लागल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. कॉट भिंतीला लावून ठेवली होती, मशीन परत गेलं होतं. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागं घर न सोडण्याच्या दिवसांत, म्हणून लग्नाला आल्या नव्हत्या. पडद्याआडून त्यांनी बसायला सांगितलं. मी त्यांच्या धाकट्या जावेच्या हातून नारळ आणि विड्याची पानं आत दिली. मग भाभींनी विचारलं, "थांबलासा न्हवं, विलासभाऊ, बाराव्याला?"

थांबलो म्हणालो. जरा जास्तच थांबलो.

आत त्या नारळ बघत असाव्यात. बाजारात बायका बघतात तसा, बोटांनी वाजवून. पडद्यापलीकडून आवाज आला. टक टक.

काम पूर्ण झालं. मोबदला : एक नारळ, विड्याची दोन पानं. पोचला. घेणार : हसीनाभाभी.