हिवरखेडच्या सैनिकांची जनावरं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. मी मूळचा अमरावतीचा, पण अकोल्याच्या शाळेत मास्तर होतो आणि इंग्रजी शिकवत होतो. म्हणजे पुस्तकातलं इंग्रजी. ते बोलणारा गोरा माणूस मी तोवर लांबूनच पाहिला होता.

एक दिवस मला सरकारी बंगल्यावर बोलावणं आलं. तिथे एक गोरे कॅप्टनसाहेब होते. गालाच्या आतच बोलायचे, शब्द बाहेर येईपर्यंत अर्धा झिजलेला. सरकारनं त्यांना खेड्यापाड्यांत फिरायला सांगितलं होतं, आणि त्यांना दुभाषा हवा होता. ते भराभर काहीतरी म्हणाले. त्यातले तीन शब्द मला लागले. हिवरखेड, फॅमिली, आणि व्हेटरन.

आता तुम्हीच सांगा, अकोल्यात राहणाऱ्या माणसाला 'व्हेटरन' ऐकल्यावर काय आठवणार? आमच्या शाळेमागेच जनावरांचा दवाखाना होता आणि अख्खं गाव त्याला 'व्हेटरनरी' म्हणायचं. मी मनात म्हटलं, साहेब जनावरं तपासणार. पण फॅमिली कशाला? तेही लगेच सुचलं. गाय एकटी आणायची नाही, वासरासकट आणायची. काय बारकाईनं काम करतात ही माणसं, असं वाटून मला साहेबांचं कौतुकच वाटलं.

"यस सर," मी म्हणालो. "ऑल फॅमिली."

साहेब खूश.

साहेब जायच्या आदल्या दिवशीच मी हिवरखेडला गेलो आणि कोतवालाला दवंडी द्यायला लावली. "मोठा सायब येऊन राह्यला हो. आपापले बैल, गाई, म्हशी घेऊन शाळेपाशी या. गाय वासराशिवाय आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढं जे काही जमलं, ते पाहून साहेब मोटारीतून अर्धे उतरले आणि तसेच थांबले. ज्वारीच्या कापणीनंतरचे दिवस, माणसं मोकळी होती. सगळं गाव जनावरं घेऊन आलेलं. धूळ, शेण, हंबरणं. साहेबांनी विचारलं, "ही जनावरं कशाला?" मला वाटलं, जनावरं चांगली आहेत असं म्हणतात. "थँक यू सर," मी म्हणालो.

त्यांना वाटलं असेल, इकडची रीतच असावी. ते खुर्चीवर बसले.

रांगेत पहिला होता नामदेव. ब्रह्मदेशात लष्कराची लॉरी चालवून आलेला, एक पाय अधू झालेला. हे सगळं मला नंतर कळलं बरं का. मला दिसला तो त्याच्या हातातला पांढरा बैल. त्याची बायको पार्वती मागे गाय घेऊन उभी होती. साहेब पुढे असल्यामुळे नामदेव छाती काढून, नजर समोर ठेवून ताठ उभा. तोंडातून शब्द नाही. त्यामुळे उत्तरं पार्वतीच देत होती.

साहेबांनी नामदेवाकडे बघून विचारलं, "याची नोकरी किती झाली?"

मी बैलाकडे बघून विचारलं, "हा कामाले लागून किती वर्सं झाले?"

"झाले असतीन चार-पाच," पार्वती म्हणाली.

मी तसं सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. बघा, इंग्रजीत 'ही' म्हणजे 'तो', आणि त्यात माणूसही मावतो आणि बैलही. तिथंच माझा घात झाला.

"कुठे जखम वगैरे?"

"खांद्यावर हाये. लय वझं ओढलं त्यानं."

"औषधपाणी?"

"लिंबाच्या पाल्यानं धुतो अन् हळद लावतो."

साहेबांचा चेहरा उतरला. "खायला काय मिळतं याला?"

"कडबा. कधीमधी सरकीची ढेप."

मी 'कडबा'चं इंग्रजी आठवून आठवून सांगितलं, ज्वारीची वाळलेली ताटं. साहेब लालेलाल झाले. मला वाटलं, ऊन लागलं.

"आणि झोपतो कुठे?"

"गोठ्यात. दुसरं कुठं झोपन?"

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हलक्या आवाजात विचारलं, "याची बायको? मुलं?"

मी जरा अडखळलो. बाईमाणसासमोर हे कसं विचारायचं? आणि विचारायचं तरी काय, बैलच तो. माझं मीच उत्तर दिलं. "नाही सर. लहानपणीच त्याचा बंदोबस्त केलेला आहे. ऑपरेशन."

साहेबांनी मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. शेवटी म्हणाले, "याच्या पुढच्या आयुष्याचं काय ठरवलंय?"

मी पार्वतीला विचारलं. ती म्हणाली, "आता काम होत नाई त्याच्यानं. पुढच्या बाजारात इकून टाकू."

हे ऐकल्यावर साहेब खुर्चीवरून उठले, तडक नामदेवापुढं गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "जवान, ये औरत तुमको बेचेगा?"

नामदेवानं खाडकन सॅल्यूट ठोकला. "मेरेको नहीं साहब. बैल को."

साहेबांनी बैलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बैलाकडे. आणि मग जे हसले, ते मोटारीला टेकून हसले. डोळे पुसत पुसत त्यांनी मला सावकाश, एकेक अक्षर सोडवून सांगितलं की व्हेटरन म्हणजे लढाईवरून आलेला सैनिक. अशा माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना सरकारनं आधी काय द्यावं, हे विचारायला ते आले होते.

धरणी मला पोटात घ्यायला तयार असती, तर खड्डा मीच खणून दिला असता.

पण झालं भलतंच. गावातल्या सैनिकांची घरं एरवी सरकारी माणसापुढं आली नसती. बाया तर नाहीच. त्या दिवशी गाई-वासरांच्या निमित्तानं सगळ्या आल्या होत्या. साहेबांनी खुर्ची बाजूला सारली, खाली सतरंजीवर बसले आणि ऐकू लागले. कोणी लेकरांच्या शाळेचं बोललं, कोणी पोरगा घरी आला पण गप्प गप्प असतो म्हणून रडलं. साहेबांनी जमिनीचं काढलं, तशी पार्वती म्हणाली, "सायब, जमीन नको आमाले. याचा पाय नीट करा. मोटार चालवता येते त्याले, तो घर चालवन." तोवर साहेबांचं म्हणणं होतं, सैनिकाला आधी जमीन द्यावी. ते उठताना म्हणाले, आता दवाखाना आधी, मग काम.

पुढचं सांगतो. नामदेवाच्या पायावर अकोल्यात इलाज झाला. लंगडणं राहिलं, पण त्या पायानं मोटारीचा ब्रेक दाबता येऊ लागला. वर्षभरात तो मालाची मोटार चालवू लागला. बाजारात भेटला की हॉर्न वाजवून मला वाटेतून बाजूला करायचा.

पण त्या दिवशी साहेब निघताना शेवटचं एक विचारते झाले. पुढच्या महिन्यात ते परत येणार होते. "त्याआधी तातडीनं करण्यासारखं काही आहे का?"

मी बायांना विचारलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पार्वतीनं पदर नीट केला आणि म्हणाली, "एकच काम पयले करा म्हणा सायबाले. येताना मास्तर दुसरा आणजा."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. "काय म्हणते ती?"

आणि काय सांगू, त्या अख्ख्या दिवसात मी बिनचूक भाषांतर केलं ते तेवढ्या एका वाक्याचं.