डोळ्याखालून फिरवलेलं बोट

आमचं गाव हर्सूलच्या पुढे, सिल्लोडच्या रस्त्याला. तेव्हा शहरात टांगे होते, टांग्यांना घोडे लागत, म्हणून आमच्याकडे घरोघरी घोड्या असायच्या. जनावर विकत घ्यायचं तर लोक आधी मला बोलवायचे, कारण घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे मी पाहायचो. गळ्यापाशी भोवरा असला तर तो देवमण, मालकाचं भलं करणारा. आणि डोळ्याच्या खाली, आसवं ओघळतात त्या जागी असला, तर ते जनावर कोणी फुकटसुद्धा दारात बांधून घेत नसे. घरात रडारड आणतं म्हणायचे. ही पारख मला वडिलांकडून मिळाली होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

माझा चुलत भाऊ माझ्याहून वर्षाने लहान. त्याला घोड्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे एवढंच कळतं, असं मी चारचौघांत म्हणायचो. तो हसायचा. त्याला राग येत नाही याचाच मला राग यायचा.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, पाठोपाठ जहागिरी गेल्या आणि जवळच्याच एका जहागीरदाराचा तबेला विकायला निघाला. मी आपला विचार करत बसलो, सोबत कोणाला न्यावं, बोलणं कुठून सुरू करावं. तोवर हा एकटाच गेला आणि एक नर घोडा घेऊन आला. मला न विचारता. गडद तांबूस रंग, काळी आयाळ, आणि उभं राहण्यात असा रुबाब की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची.

"दादा, बघ की जरा," भाऊ म्हणाला. "मला काय कळतंय? डोळ्यांत भरला, घेतला."

मी घोड्याभोवती चांगला तासभर फिरलो. सरळच सांगतो, खोट सापडावी म्हणून फिरलो. खोट नव्हती. गळ्यापाशी देवमण तेवढा होता, अगदी पुस्तकात काढावा तसा.

"बरा हाय," मी म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही.

पुढे माणसं आपापल्या घोड्या त्या घोड्याकडून फळवून घ्यायला त्याच्या दारी यायला लागली. अजिंठ्याकडची माणसंसुद्धा दोन-दोन दिवस चालत येत. वाटेत माझं घर आधी लागायचं. ओट्यावर मी बसलेला असायचो आणि येणारा विचारायचा, "तो जहागीरदाराचा घोडा कुठं हाय हो?" मग मी हात करून भावाचं घर दाखवायचो. दिवसातून चार-चार वेळा दाखवायचो. ज्याला पारख नाही त्याच्या दारात गर्दी आणि मी वाट दाखवणारा! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका बाजारच्या दिवशी मी सिल्लोडला गेलो. तिथला घोड्यांचा एक जुना व्यापारी, माझ्या शब्दाला मान देणारा, चहा पिता पिता म्हणाला, "क्या भाऊ, तुमारे भाई का घोडा कैसा है? दो घोड्यां भेजने का सोच रहा मैं."

मी उजव्या हाताचं बोट डोळ्याखालून खाली ओढलं आणि दुसरीकडे पाहिलं. धंद्यातल्या माणसाला तेवढं पुरतं. भावाची बदनामी करायला तोंड धजत नाही, म्हणून हा नुसती खूण करतो, असं त्याला वाटलं असणार. त्याने कप खाली ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

महिनाभरात भावाच्या दारातली गर्दी आटली. मजा म्हणजे घोडा बघायला येणाऱ्यांना आता तो भोवरा दिसायला लागला. कोणी म्हणे डाव्या डोळ्याखाली, कोणी म्हणे उजव्या. भावाने वर्षभर तग धरला, मग शहरातल्या एका टांगेवाल्याला तो घोडा मिळेल त्या किमतीला देऊन टाकला. मला बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

दरम्यान माझी घोडी गाभण राहिली होती. मी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सिल्लोडला गेला होता ना, तवा घोडी माजावर आली. भावजीच येऊन घेऊन गेले. घरचीच हाय म्हणले, एक पैसा घेतला नाय."

तिला झालेलं शिंगरू बापावर गेलं. तोच रंग, तोच रुबाब, आणि डोळ्याखाली काही नाही. मी शंभर वेळा पाहिलं असेल. त्याच्यासारखं जनावर माझ्या दावणीला आधी कधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

दोन वर्षांचं झाल्यावर ते सिल्लोडला नेलं. भाऊ सोबत आला. तोच व्यापारी पुढे आला, उपरण्याखाली त्याने माझा हात धरला. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून करतात. त्याने दोन बोटं दाबली, मग सहज विचारलं, "बाप कौन इसका?"

बाजारात पुष्कळांना ठाऊक होतं, लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. त्याने माझी बोटं सोडली, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघत आपलं बोट डोळ्याखालून ओढलं. अगदी मी ओढलं होतं तसंच. दिवसभरात दुसऱ्या कोणी कापडाखाली हात घातला नाही.

परतताना दोघांच्या मधून शिंगरू चालत होतं. भाऊ त्याच्या आयाळीतून हात फिरवत होता. मग म्हणाला, "दादा, एक बोलू? त्या व्यापाऱ्यानं मागंच सांगितलं मला, भोवरा आधी तूच वळखलास. तुझी नजर लई तेज. मी त्या घोड्याला रोज खरारा करत हुतो, पर मला एक डाव बी दिसला नाय तो भोवरा. तू एकाच बघण्यात धरलास."

उभा जन्म मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

"पर माझं मन मोडंल म्हणून तवा बोलला नाहीस," तो म्हणाला. "व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.