नळीवरचा चिकाचा डाग

केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा गेला, हे आमच्या रावेर-यावलच्या बाजूला पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. माझे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, घड कापायला जाताना वेगळं धोतर नेसायचे. आमच्या फ्रॉकला डाग दिसला तर घर डोक्यावर घ्यायचे. अशा माणसानं स्वतःच्या बंदुकीला स्वतःच्या हातानं चीक लावला आणि नाव मात्र माझ्या नवऱ्याचं खराब झालं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला धुळ्याला दिलं. हे तिथल्या देवपुरात तेलावरची इंजिनं दुरुस्त करायचे. माझ्या माहेरच्या गावातही ह्यांनी काही विहिरींवर इंजिनं बसवली होती. नानांच्या विहिरीवर मात्र बैलांनी ओढायची चामड्याची मोटच चालायची. "इंजन विहीर कोरडी करते," असं ते सांगत. खरं म्हणजे जावयाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. बाकी सगळे ह्यांना बापू म्हणत, नाना मात्र "पाहुणे" म्हणत, आणि पाहुण्याला कुणी काम सांगत नाही.

म्हणून नाना बंदूक घेऊन धुळ्याला आले तेव्हा मला आनंद झाला. डुकरं बागेत शिरायची, त्यासाठी घेतलेली ती परवान्याची एकनळी. नळीच्या टोकाशी नेम धरायला जो मणी असतो, ज्याला माशी म्हणतात, तो सैल झाला होता. त्या बंदुकीला घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. नळीवरची निळीकाळी झाक नानांनी तेलाच्या फडक्यानं वर्षानुवर्षं जपली होती.

ह्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये काम आवळून धरायला व्हाइस होता, त्याचे जबडे दातेरी. त्यात नळी नुसती आवळली तर वळ उमटणार, म्हणून ह्यांनी दोन्ही जबड्यांवर चामड्याचे तुकडे लावले. नानांनी त्यावर बोट फिरवलं.

"पाहुणे, याच्यात लोखंडाचा कीस हाये. ओरखडे पडतीन."

ते खरं होतं. हे दुसरं चामडं शोधायला उठले. तेवढ्यात नानांनी आमच्यासाठी आणलेल्या घडाभोवतीचं ओलं सोपट सोडलं, आणि ती केळीच्या खांबाची जाड साल दुमडून जबड्यांत घातली.

"याच्याइतकं मऊ दुसरं काही नाही."

"नाना, ओलं शे ते. चीक लागी."

"लोखंडाले काय व्हते? ते काय धोतर हाये?"

सासऱ्याला दोनदा टोकायची पद्धत नव्हती. ह्यांनी नळी आवळली, माशी पक्की केली. तोवर मी पाट मांडले होते. नळी तशीच राहिली. भरीत-भाकरी झाली, नानांनी चांगली डुलकी काढली, आणि उठून सोपट काढलं तर नळीच्या दोन्ही बाजूंची झाक गेलेली, तिथे तांबूसकाळे डाग. दातांचा वळ मात्र एकही नव्हता.

 नानांनी फडकं घेऊन बराच वेळ डाग घासले आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी माहेरी गेले. ओसरीवर सगळे बसलेले. काकांनी खुंटीवरच्या बंदुकीकडे हात केला. "तुह्या मिस्तरीनं नळीची चांगली वाट लावली म्हनतात!" सगळे हसले. नानाही हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"सोपट तुम्हीच लावलं, नाना. ते नको म्हनत व्हते."

 नाना उठून विहिरीकडे गेले. मी होते तोवर ते माझ्याशी बोलले नाहीत, मीही नाही. आखाजीच्या झोक्यावर बसले तरी गाणं सुचेना. धुळ्याला आल्यावर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "सांगीसन काय मिळनं?" सांगून काय मिळालं म्हणे! मला त्यांचाही राग आला.

थंडी पडल्यावर नाना पुन्हा दारात उभे. खांद्याला बंदूक. डाग काढून नळी पुन्हा काळी करायची होती. हे शेडमध्ये चामडं काढायला वळले, तसं नानांनी पिशवीतून दोन तुकडे काढून बाकावर ठेवले. जबड्याच्या मापाचे, कोरडे, तेल चोळलेले, कीस नसलेले.

मी एक तुकडा उचलला. कडेला जाड दोऱ्याच्या शिवणीची भोकं होती. त्या भोकांवरून मी लहानपणी बोट फिरवलेलं.

"नाना, मोट फाटली?"

"फाडली."

"मंग केळीले पानी?"

ते माझ्याकडे बघेनात. व्हाइसचा दांडा उगाच फिरवत राहिले आणि मग ह्यांना म्हणाले,

"बापू, इंजन बसवाले कधी येता?"