पिशवी पुढे, मामा मागे

भाचीच्या लग्नाची साडी मी सातारा स्टँडवर चुकीच्या एसटीत टाकली. विसरलो नाही, हातातून सुटली नाही; चांगला नेम धरून खिडकीतून टाकली.

रीतसर सांगतो. लग्न तासगावला. आमच्याकडे मुहूर्ताला नवरीच्या अंगावर मामाने आणलेली पिवळी साडी लागते, आणि या नवरीला मामा एकच, तो मी. आदल्या दिवशी हळदीच्या आत साडी घरात पाहिजे, असा माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा, हुकूम होता. बायकोने साडी घेतली, भाचीच्या मापाचं ब्लाऊज शिवून घेतलं, सगळं कापडी पिशवीत घातलं आणि मला दारात बजावलं, "ही हातातून सोडायची नाही." ती स्वतः दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन येणार होती. एवढा विश्वास टाकण्यासारखा मी आहे, असं तिला का वाटलं ते तिलाच ठाऊक.

स्वारगेटला मे महिन्याची जत्रा भरलेली. आंब्याच्या पेट्या, पाण्याचे कॅन, मामाकडे निघालेली पोरं. खुद्द मामाच निघालाय, असा मी एकटाच असेन. साताऱ्यापर्यंत छान बसून आलो.

साताऱ्याला मात्र ऊन असं, की अजिंक्यतारा समोर असून बघायला मान वर होईना. पाचगणीहून उतरलेले पर्यटक गवती टोप्या घालून सावली शोधत होते. पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी बाई द्रोणानेच वारा घेत होती. मी उसाचा रस प्यायलो, आक्कासाठी कंदी पेढे घेतले आणि विट्याच्या गाडीची वाट बघत राहिलो. विट्याहून पुढे तासगाव.

गाडी आली ती दुसऱ्या एका गाडीला खेटूनच. दाराशी ही झुंबड. खिडकीतून सीटवर काहीतरी टाकलं की ती जागा आपली, हा कायदा पाळूनच मी वाढलो. रुमाल घामाने भिजून डोक्यावर होता. शिवाय रुमाल लोक सरकवतात. भरलेली पिशवी सरकवायला छाती लागते. तेव्हा दोन गाड्यांच्या मधल्या बोळात शिरलो, रिकामी खिडकी दिसली, पिशवी आत टाकली आणि विजयी मुद्रेने विट्याच्या गाडीत चढलो.

माझ्या जागेवर एक मावशी ऐसपैस बसलेल्या.

"मावशी, ही जागा माझी. पिशवी टाकलीय मी."

"कुठं हाय पिशवी?"

"तुम्ही बसलाय तिच्यावर."

मावशी उठल्या, पदर झटकला, सीट दाखवली. "बघा की. अंडं घातलंय का मी?"

सगळी गाडी हसली. एवढ्यात शेजारची गाडी हलली. तिच्या खिडकीत, अगदी माझ्या डोळ्यांसमोर, माझी पिशवी ऐटीत बसून निघाली होती. बोळाला दोन्ही अंगांनी खिडक्या असतात, हे मला तेव्हा कळलं. मी उतरून ओरडत धावलो. गाडीच्या पाठीवरची पाटी मात्र नीट वाचता आली: वडूज.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने शांतपणे विचारलं, "पिशवी गेली, मग तुम्ही का राहिला?" मागून आलेल्या वडूजच्या गाडीत मी उभा राहिलो. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं. हिरवं मागे पडून माळ लागला. कापणी झालेल्या रानात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. एरवी मी या देखाव्यावर काहीतरी छान लिहिलं असतं. त्या दिवशी मला सगळीकडे फक्त एकच दिसत होतं: बिनसाडीची भाची आणि तिच्यामागे उभी आक्का.

वडूजच्या स्टँडवर उतरलो, तर बाकड्यावर एक आजोबा. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, मांडीवर माझी पिशवी. मला रडू यायचं तेवढं राहिलं.

"आजोबा, ती पिशवी माझी."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "आत काय हाय सांगा."

"पिवळी साडी. भाचीचं लग्न आहे उद्या."

"मंग बसला का न्हाईसा गाडीत? जागा धरायची आन् माणूसच न्हाई! समद्या वाटंनं भांडत आलोय मी. कोरेगावात एक जण पिशवी उचलाया लागला, म्या म्हणलं, हात लावू नगं, माणूस पाणी प्यायला उतारलाय."

"मग तुम्ही तरी बसायचं."

"म्या व्हय?" आजोबा दचकलेच. "दुसऱ्यानं धरल्याली जागा. तिथं कसं बसायचं?"

साताऱ्यापासून वडूजपर्यंत हा म्हातारा माझ्या पिशवीशेजारी उभा राहून आला होता. मला पाया पडावंसं वाटलं, पडलोही. त्यांनी पेढे नको म्हटले. उलट भाकरी सोडली, तिच्यावर म्हाद्या (शेंगदाण्याच्या कुटाची घट्ट, झणझणीत आमटी) घातला आणि अर्धी मला दिली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते सगळं तिखटाचं होतं असं म्हणू.

"विट्याची गाडी ती बगा," आजोबा म्हणाले. "आता दारातनं चढा. आन् पिशवी हातात धरा."

गाडीत जागा भरपूर होती. तरी पिशवी मांडीवर आणि दोन्ही हात पिशवीवर. मायणी मागे पडली, विट्याला गाडी बदलली, आणि मला एकदम भोवतालचं दिसू लागलं. तासगावच्या अलीकडे बेदाण्याच्या लांबलचक शेड, जाळ्यांच्या मजल्यांवर हंगामाचा शेवटचा माल, उतरत्या उन्हात सोन्यासारखा. वाऱ्याला गोडसर वास. पोटातला दगड गेला की माणसाला निसर्ग दिसतो, एवढं प्रवासशास्त्र मी त्या दिवशी शिकलो.

आक्का दारातच उभी होती. "कुठं मेला होतास दिवसभर? साडी?"

पिशवी तिच्या हातात दिली आणि ओट्यावर बसकण मारली. गाडी पंक्चर झाल्याचं ठरवून आलो होतो. पण हळदीला इतकी माणसं जमलेली, आणि एवढी चांगली गोष्ट पोटात ठेवणं मला कुठलं जमतंय? मावशींच्या अंड्यापासून आजोबांच्या म्हाद्यापर्यंत सगळं सांगितलं. भाची हळदीच्या अंगाने हसून लोळली. आक्का हसली नाही. ती साडीची घडी उलगडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला भाची पिवळ्या साडीत उभी राहिली, मागे मी, मामा. अक्षता पडत होत्या आणि माझ्या मनात ते आजोबा, रिकाम्या जागेशेजारी दांडीला धरून उभे. त्यांचं नाव विचारायचंसुद्धा मी विसरलो होतो.

मुलांना गाडी लागते म्हणून बायको त्यांना घेऊन एका पाहुण्यांच्या मोटारीतून पुढे गेली. मला सोडायला आक्का स्टँडवर आली. साताऱ्याची गाडी वळून फलाटाकडे येताच गर्दी उठली, आणि माझा हात, आक्काने दिलेल्या लाडवांच्या पिशवीसकट, आपोआप खिडकीकडे वर गेला.

आक्काने मनगट धरलं.

"पिशवी टाक आन् तू ऱ्हा हितंच," ती म्हणाली. "ती एकटी नीट पोचती."