माशीमास्तरांचे पंधरा दिवस

माशीमास्तर शेतात आले की माणसाआधी माशीला नमस्कार करत. बेळगावात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस तिथल्या टिळकवाडीतून पहिल्या बसने निपाणीला यायचा, माझ्या चवळीत स्टूल मांडायचा आणि हवेत एका जागी थरथरणाऱ्या माशीला म्हणायचा, "या बाई, बसा."

"मधमाशी चावंल की सर!" मी पहिल्या दिवशी ओरडलो होतो.

"आप्पा, ही फुलमाशी. मधमाशीचा सदरा घालून हिंडते. हिला नांगीच नाही."

एकदा चवळीवर काळ्या माव्याची कीड पडली. सरांनी पानाखाली हिरवट अळी दाखवली. ती एकेक मावा तोंडात धरून उचलायची, चोखायची आणि साल टाकून द्यायची.

"ही फुलमाशीचीच अळी. घराणं पॅरागस, एवढं नक्की. पण त्यातली ही कोण, ते माशी बाहेर आल्यावरच कळेल. अशी अळी मी आजवर पाहिली नाही. असल्या अळ्या घरी नेल्या तर जगत नाहीत. या दोन ओळींवर पंधरा दिवस औषध मारू नका."

"पंधरा? पाच."

"आप्पा..."

"लई झालं तर आठ. म्होरं बोलायचं न्हाय."

"बरं. आठ."

नवव्या दिवशी सकाळीच मी फवारलं. सर आले तेव्हा अळ्यांचे कोष झाले होते, माशी एकही निघाली नव्हती. आणि निघणारही नव्हती. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच गरजलो, "आठ म्हंजे आठ, सर!"

"तुमचं बरोबर आहे. कबूल मीच झालो."

हाच राग मी अजून धरून आहे. हमालीतून वर येऊन मी बेळगावच्या खडेबाजारात भाजीचा व्यापार केला, त्यातून हे शेत घेतलं. घासाघीस करताना समोरचा उठून चालायला लागला की मी त्याला हाक मारतो. सरांनीही तसंच उठायला नको होतं का? एकदा डाफरले असते, तर पंधरा काय, महिना दिला असता.

त्यानंतर दरवर्षी त्या दोन ओळी मी मोकळ्या सोडल्या. यंदा तशी अळी दिसली, कोष झाला, माशी निघाली. जिवंतच बाटलीत घालून टिळकवाडीला नेली. सरांची नजर तोवर पुरती गेली होती.

त्यांनी चाचपडत भिंग माझ्या हातात दिलं. "तिच्या डोळ्यांवर बारीक केस असतील. दोन पट्ट्यांत आहेत, की सगळीकडे सारखे? त्यावरूनच ही कोण ते उलगडेल."

काच सारखी धूसर होत होती. मला नुसता काळा ठिपका दिसत होता.

"दिसलं का, आप्पा?"

पट्टे की सारखे, काहीही ठोकून दिलं असतं, तरी ते सुखावले असते. बाजारात खोटं बोलताना मी कधी अडखळलो नाही.

"न्हाय दिसत, सर."

त्यांनी हात पुढे करून बाटली घेतली आणि कानाला लावली.