धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत

आमच्या गावातून शाळेला जायचं तर आधी जंगल लागतं आणि मग हायवे. जंगलाबद्दल प्रत्येक पाहुणा विचारतो. "वाघ दिसते का हो इथी?" हायवेबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. उलट म्हणतात, रस्ता काय मस्त झाला, चंद्रपूर जवळ आलं. चंद्रपूर होतं तिथंच आहे. जवळ आले ते ट्रक. कोळशाचे, बांबूचे, लोखंडाच्या दगडाचे, आणि सगळ्यांनाच घाई.

मी मूळची चंद्रपूरची, शहराच्या जुन्या परकोटाच्या आतली. हात वर करायचा आणि चालू लागायचं, ऑटोवाला दोन शिव्या देऊन का होईना थांबतो, एवढंच माझं रस्त्याचं शिक्षण. लग्न होऊन या गावात आले. नवऱ्याची नोकरी बल्लारपूरला, तो हप्त्यातून एकदा येतो. घरात मी, माझी लेक आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते, आमच्या भागात सासऱ्याला तसंच म्हणतात. लेक त्यांना आबाजी म्हणते. हायवेच्या पलीकडच्या गावात सरकारी दवाखाना आहे, तिथं मी औषधं देते. लेकीची शाळाही त्याच गावात. त्यामुळे रोज सकाळी आमची सायकलींची वरात निघते: मी, लेक, शेजारच्या दोघी बहिणी आणि त्यांचा धाकटा भाऊ. त्यांची आई पोरं माझ्या हवाली करते आणि निवांत शेतावर जाते. तिच्या त्या निवांतपणाचं मला कधी कधी ओझं वाटायचं.

जंगलातली शिस्त मामाजींची. एकामागं एक जायचं, मोठं माणूस पुढं, लहानं मधात, आणि शेवटी पुन्हा मोठं माणूस. घंटी वाजवत राहायचं, मोठ्यानं बोलत राहायचं. गुपचूप चालणाऱ्याची आणि जनावराची अचानक गाठ पडते, आणि अचानक गाठ कोणालाच आवडत नाही, असं ते म्हणतात. शेवटचं मोठं माणूस म्हणजे ते स्वतः. आपल्या जुन्या, करकरणाऱ्या सायकलीवर जंगल संपेपर्यंत मागं यायचे आणि नाल्याच्या पुलावरून परत फिरायचे, कारण घरी गुरं खोळंबलेली असायची. पुढचा रस्ता उघडा. तिथून माझी लेक पोरांत सगळ्यांत मोठी म्हणून शेवटी.

वाटेत दोघांचा एक पाठ चालायचा. मामाजी वाघाचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात.

"तो दिसला त का करशीन?"

"उभी राहीन."

"पळशीन?"

"नाई. पळालं का तो मागं लागते."

"अन् कोनी वरडून पळ म्हटलं त?"

"तरी नाई. नजर काढाची नाई."

मामाजी खूश. मी पुढून ओरडायची, "अजी मामाजी, पाढे बी म्हणून घ्या तिच्याकडून!" ते म्हणायचे, "पाढे तिच्या शाळेतले मास्तर घेतीन. हे कोन घेईन?"

लेक पाचवीत गेली त्या वर्षी, शाळा नुकतीच उघडली होती. आम्ही हायवेच्या कडेला आलो. मी दोन्हीकडं पाहिलं, रस्ता मोकळा होता. मी निघाले आणि जंगलातल्यासारखीच रांग माझ्या मागं निघाली, एकामागं एक. आता विचार करते तर ही चूक फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. जंगलात जी रांग आम्हाला सांभाळते, तीच रस्त्यावर लांबलचक होते. माझ्यासाठी रस्ता मोकळा होता. शेवटच्या सायकलीची पाळी येईपर्यंत वळणावरून ट्रक आला होता.

मी पलीकडं उतरून मागं पाहिलं. शेजारची तिघं पोचली होती. लेक रस्त्याच्या मधात होती. ट्रकनं हॉर्न दिला, आणि पोरगी थांबली. सायकलीवरून उतरली. दोन्ही पाय रोवून, हँडल घट्ट धरून ट्रककडं तोंड करून उभी राहिली. मी जीव खाऊन ओरडले, "पळ! अगं पळ!" ती हलली नाही. मान ताठ, नजर समोर. शिकवल्याबरहुकूम.

ब्रेकचा तो आवाज मी अजून विसरले नाही. जळक्या रबराचा वास आला, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा पोरगी उभीच होती. तिच्या आणि ट्रकच्या मधात एक बैल मावला असता, एवढंच अंतर. काळ आला होता, वेळ आली नव्हती असं लोक सहज म्हणून जातात. माझ्यापुरती वेळ न येण्याला कारण होतं एका माणसाचा ब्रेकवरचा पाय.

तो माणूस खाली उतरला. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि त्या मी मुकाट ऐकून घेतल्या असत्या. पण तो चाकाजवळ खाली बसला आणि गमछ्यानं तोंड पुसत राहिला. लेकीनं आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढं धरली. तो गटागटा प्यायला आणि मग त्यानं विचारलं, "बेटी, तू भागी क्यूं नहीं?"

"पळालं का तो मागं लागते," लेक म्हणाली.

मी त्याला समजावून सांगितलं, की आजोबांनी वाघाचं शिकवलंय. तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शेर चाहे तो रुक जाता है बेटी. भरी गाड़ी चाहकर भी नहीं रुकती."

मागं गाड्या साचल्या होत्या, तो चढला आणि गेला. त्याचं गाव कोणतं, घरी लेकरं आहेत का, काहीच विचारायचं मला सुचलं नाही. धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं माझ्याऐवजी तिथल्या मदतनीस मावशीनं भरली.

घरी मी हळूच, वेळ पाहून सांगणार होते. लेकीनं जेवायला बसल्या बसल्या सांगून टाकलं, तेही अभिमानानं. "आबाजी, मी पळाली नाई! आई वरडली तरी नाई!" मामाजींचा घास हातात राहिला. त्यांनी ताट सारलं, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले.

सकाळी पाहते तर लेकीची सायकल गोठ्याच्या आढ्याला दोरानं टांगलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. मामाजी बैलांना चारा टाकत होते. माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पोरीले तुह्या माहेरी ठेव. चंद्रपूरले. तिथं शाळा गल्लीत रायते."

"अन् चंद्रपूरले रस्ते नाई का?" माझा पारा चढला. "आगीतून काढून फुफाट्यात टाकू का तिले?"

"माह्या सांगन्यानं पोरगी मेली असती." एवढंच बोलले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. माझा राग जागच्या जागी विरला.

पुढचे दिवस वाईट गेले. मी शेजारच्या पोरांना एकेक करून रस्ता पार करून द्यायची, लेक घरी. माहेरी निरोप गेला होता, भाऊ रविवारनंतर न्यायला येणार होता. नवऱ्यानंही फोनवर बापाचीच री ओढली. पण मला जास्त लागत होतं ते वेगळंच. मामाजींनी लेकीशी बोलणं सोडलं. म्हणजे जेव, झोप एवढं बोलायचे. पण मोहाचं झाड कधी फुलते, अस्वल कोणत्या वाटेनं येते, पाऊलखूण ताजी का शिळी हे कसं ओळखाचं, यातलं एक अक्षर नाही. ती मागं मागं फिरायची, "आबाजी, विचारा ना, तो दिसला त का करशीन?" आणि ते गोठ्यात शिरायचे. पोरगी चंद्रपूरला गेली असती तर चार बुकं शिकली असतीच. आजा मात्र तिला पुन्हा मिळाला नसता.

त्या रविवारी आमच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धानाचा रोवणा होता. गावातल्या बाया आल्या होत्या, मीही पदर खोचून चिखलात उतरले. लेक माझ्या बाजूला. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, उभे राहून पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या आमच्याकडं फेकत होते. रोवण्यात सगळ्या बाया बाजूबाजूनं उभ्या राहतात, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. सगळ्यांचं लावून झालं की वडीलधारी बाई म्हणते, "हो." मग सगळ्या एकदम एक पाऊल मागं. लेकीचा हात कच्चा, तिचं व्हायला उशीर लागायचा, तर सगळ्या ओळीनं तिच्यासाठी थांबायचं. चिडवायच्या मात्र भरपूर. "बाईसाहेब चंद्रपूरले जाऊन रायल्या, त्याईले चिखल कायले आवडन!"

बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की पेंड्या येणं थांबलंय. मामाजी हातात पेंडी धरून आमच्याकडं टक लावून पाहत होते.

"अजी, पेंड्या फेका ना! झोप लागली का?"

"असंच," ते म्हणाले.

"काय असंच?"

"रस्ता असाच पार करा लागते. एकामागं एक नाई. बाजूबाजूनं. कोनी मांगं राह्यतच नाई." मग पेंडी माझ्याकडं फेकून म्हणाले, "फक्त उलट्या पायानं नोका जाऊ, म्हंजे झालं." बाया खदखदून हसल्या. मी चिखलाच्या हातानंच डोळे पुसले आणि तोंड बरबटून घेतलं. मामाजी इतक्या दिवसांनी थट्टा करत होते.

दुपारी त्यांनी गावाच्या रस्त्यावर बैलबंडी जुंपली. ती म्हणजे ट्रक. बहुतेक गाव पाहायला जमलं. पोरांनी सायकली हातात धरल्या, चाकं एका ओळीत. ज्या बाजूनं आधी गाडी येते त्या टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शेजारीण, लहानं मधात. मामाजी बंडी हाकत आले की आम्ही थांबायचं, बंडी पुरती थांबली की मी "हो" म्हणायचं, आणि सगळ्यांनी मिळून पलीकडं जायचं. पळायचं नाही, मागं फिरायचं नाही, मधात थांबायचं नाही. बैलांना हा खेळ अजिबात पसंत पडला नाही. एक तर खालीच बसला. "ट्रक बिघडला, ट्रक बिघडला!" म्हणून पोट्टे नाचले.

मग मामाजींनी लेकीला जवळ बोलावलं. इतक्या दिवसांनी तिच्याकडं सरळ पाहिलं. "ट्रक दिसला त का करशीन?"

ती गोंधळली. "उभी... राहीन?"

"हो. पन कुठी?"

तिनं थोडा विचार केला. "धुऱ्यावर."

"अन् नजर?"

"डायवरच्या डोळ्यात. तो थांबेपर्यंत काढाची नाई."

"बस," मामाजी म्हणाले. "माहं सांगनं खोटं नोतं पोरी. जागा चुकली." आणि गोठ्यात जाऊन त्यांनी आढ्याचा दोर सोडला. सायकल खाली आली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडीनं घाण करून ठेवलेली होती. लेकीनं ती आपल्या ओढणीनं पुसली, आणि मी त्या दिवशी ओढणीसाठी एक शब्द बोलले नाही. भावाला फोन केला, येऊ नको म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मामाजी नाल्यावरून परत फिरेनात. गुरं थांबतीन म्हणाले. हायवेपर्यंत यायचे, ओळीचं दुसरं टोक धरायचे, पलीकडं सोडून एकटे परत जायचे.

याला आता काही वर्षं झाली. लेक नववीत आहे. ओळ वाढली, खालच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, पोरंही येऊन मिळतात. कधी रस्ता रिकामा मिळतो. कधी एखादा ट्रकवाला लांबूनच आमची ओळ पाहून वेग कमी करतो, थांबतो आणि हातानं खुणावतो, जा म्हणून. असे थांबणारे मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ निघाले. आमच्यासाठी भरली गाडी थांबवणाऱ्या या अनोळखी माणसांचे उपकार मी कसे मोजू? तो पहिला पुन्हा कधी भेटला नाही. म्हणून मामाजी थांबणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हात जोडून रामराम करतात. त्यातला एखादा तरी तो असेल, असं त्यांना वाटतं.

मागच्या हप्त्यातली गोष्ट. आता "हो" लेक म्हणते, मी नुसतीच टोकाला असते. ट्रक थांबला, लेकीनं ड्रायव्हरकडं पाहिलं, "हो" म्हटलं, ओळ निघाली. मामाजींचे गुडघे आता दुखतात, सायकल हातात धरून ते हळूहळू चालतात, आणि जो सगळ्यांत हळू त्याच्या पायानं ओळ चालते, म्हणून पोट्टेही हळूहळू चालत होते. ट्रकवाल्यानं इंजिनच बंद केलं. तेवढ्यानं मामाजींना भरून आलं असावं. बरोब्बर रस्त्याच्या मधात ते थांबले, सायकल कमरेला टेकवली, ट्रककडं तोंड केलं आणि हात जोडले.

सगळी ओळ थांबली.

"आबाजी!" लेक ओरडली. तिचा आवाज असा, की ड्रायव्हरनंही मान बाहेर काढली. "मधात उभं राह्याचं नाई! रामराम धुऱ्यावरून!"

मामाजी दचकले, हँडल धरलं आणि निमूट चालू लागले. पलीकडच्या धुऱ्यावर पोचल्यावर त्यांनी पुन्हा तोंड वळवलं, पुन्हा हात जोडले, आणि या वेळी तिनंही जोडले.