तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा दाखला

एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला तीन आठवडे अडवून ठेवला होता, आणि अडवण्याचं कारण होतं तिची हुशारी. म्हणून हे लिहावं लागलं. एरवी मी या ब्लॉगवर किल्ले, रस्ते आणि खानावळींबद्दल लिहिते. या वेळी रस्ता तोच आहे, बिदर-कलबुर्गीकडे जाणारा. किल्ला मात्र नाही.

मुलगी भाग्यश्री, माझ्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची भाची. कर्नाटकातल्या राजेश्वरपासून सात किलोमीटर आत तिचं गाव आहे. नाव लिहीत नाही, तिला सणावाराला तिथेच जायचं आहे. तिथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत ती आठवी झाली आणि नववीत बसू लागली होती. लातूरच्या एका शाळेत तिची जागा धरून ठेवली होती, पण दाखला शनिवारपर्यंत हवा होता. आई शाळेत तीनदा जाऊन आली होती. नर्समावशीला रजा मिळेना. बुधवारी सकाळी मी पिशवी भरली. बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आहे, शाळेच्या ऑफिसात कसं बसायचं ते मला कळतं.

जाणाऱ्यांसाठी: लातूरहून औसामार्गे उमरगा, एसटीनं. आपल्याकडे बायकांना अर्धं तिकीट. उमरग्याच्या स्टँडबाहेर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला चांगला मिळतो, वर कांदा मागून घ्यावा. पुढे हुमनाबादकडे जाणारी कर्नाटकची बस धरायची. त्यांच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ते आधार कुठलं आहे त्यावर.

"आधार?" कंडक्टरनं विचारलं.

"लातूरचं."

"मग तिकीट, अक्का."

शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. "आमच्याकडं सून म्हनून यायचं होतं की. जन्मभर फुकट फिरला असता."

"आता उशीर झाला," मी म्हटलं.

"व्हय, ते बी खरंय."

राजेश्वर हायवेलगतच आहे. तिथे उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं. मुक्कामाला लॉज हवा असेल तर हुमनाबाद किंवा बसवकल्याण गाठा. मी भाग्यश्रीच्या घरीच उतरले. तिची आई महानंदा पिठाची गिरणी चालवते. घर बसवण्णांना मानणारं. देवघरापुढे बोलणं कन्नड, गिरणीवर मराठी, आणि भांडण दोन्हीत. जेवायला कडक भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगाची चटणी होती. पुंडी म्हणजे आपली अंबाडी.

"पोरीला शिकायला धाडलंय का शिकवायला, तेवढं इचारा त्यान्ला," महानंदा म्हणाली.

मला उलगडा झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी झाला.

गुरुवारी परवानगी घेऊन मी गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले. सर तरुण, दक्षिण कर्नाटकातल्या हासनकडचे, दोन वर्षांपूर्वी इथे नेमले गेलेले. मराठी येत नाही. त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिलं, कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगितली आणि तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. भाग्यश्री उभी राहिली आणि तेच मराठीत सांगितलं. वर्गानं लिहून घेतलं. सरांची पुढची दोन वाक्यं झाली, पुन्हा ती. पूर्ण तास ती उभीच होती.

"भागू, ह्यो पाच तिकडं गेल्यावर वजा कामून झाला?" मागून एका मुलानं विचारलं.

"दोन पोती आन् वर पाच किलो, मिळून पंचावन्न. तुला पोत्याचं वजन पायजे, तर वरचे पाच आधी काढून ठेवशील का न्हाई?"

"काढीन की."

"मग तेच करायलेत सर. लिही."

इतकं चांगलं मी पहिल्या वर्षी शिकवलं नव्हतं. तास संपल्यावर मी तिची वही मागितली. तारीख होती, धड्याचं नाव होतं, खाली पान कोरं. आधीच्या पानावर तेच, त्याआधीच्याही. इतर तेवीस जणांच्या वह्या भरलेल्या होत्या. ती बोलत असे तेव्हा ते लिहीत असत.

मी तिला त्याच जातीचं, थोडं फिरवलेलं उदाहरण घातलं. तिनं नियम खडाखडा सांगितले, सरांच्याच शब्दांत. उदाहरण मात्र सुटलं नाही. वाट तिला तोंडपाठ होती, ती स्वतः त्या वाटेनं कधी चालली नव्हती.

"बाई, घरी सोडवायचं म्हनते," ती म्हणाली. "पन घसा दुखायलाय, झोप येते."

तिची मैत्रीण प्रज्ञा पलीकडून म्हणाली, "जा तू लातूरला. आमी बसताव मुके होऊन."

भाग्यश्रीनं मान खाली घातली. तिला जायचं होतं, आणि जायची लाजही वाटत होती. चौदा वर्षांच्या मुलीला ही लाज वाटावी याचा मला राग आला.

मुख्याध्यापक सज्जन आहेत, हे आधी नोंदवते. चहा मागवला, मग म्हणाले, "मॅडम, दाखला द्यायला माझी ना न्हाई. पन तेवीस लेकरांचं काय? ही गेली की वर्ग बंद पडला बगा."

"तेवीस लेकरांचं ओझं तिनं का उचलायचं?"

"मग कोन उचलनार?"

"ज्याला पगार आहे तो. त्याला जमत नसेल तर ज्यानं नेमलं तो. मराठी येणारा शिक्षक तुम्ही मागितला का?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. दारात उभे असलेले गणिताचे सर मोडक्या मराठीत बोलले, "मेडम, मी दोन अर्ज दिला. मला भाषा येत नाही, बदली करा, नाहीतर मराठीचे सर द्या."

"कुठे आहेत ते अर्ज?"

मुख्याध्यापकांनी खण उघडला. दोन्ही अर्ज तिथेच होते. "निकाल चांगला लागायलाय," ते हळू म्हणाले. "वर पाठवलं तर म्हनतील, निकाल चांगला हाय, मग तक्रार कशाला."

हा प्रवास ज्या एका वाक्यासाठी झाला ते हे. जागा रिकामी आहे, पण मुलीच्या आवाजानं ती भरलेली दिसते. एका मुलीचं शिक्षण काढून ते तेवीस जणांत वाटलं, आणि कागदावर सगळं समान झालं. धोरणांत प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत शिकवण्याची वचनं मी पुष्कळ वाचली आहेत. ती पुरी करणारी माणसं नेमायची नसतील तर वर्गातलं सगळ्यात हुशार मूल ते काम फुकट करतं, आणि ते मूल बहुतेक मुलगीच असते.

मी म्हटलं, "दाखला आत्ता. आणि हे दोन्ही अर्ज तुमच्या पत्रासकट उद्या तालुक्याला. मी स्वतः घेऊन जाते."

भाग्यश्री पत्र लिहायला पुढे सरकली. कन्नड आणि मराठी दोन्ही सुबक लिहिते म्हणून शाळेचे कागद तिच्याकडूनच लिहून घेत असत. मी पेन तिच्या हातातून घेऊन मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. "तू बस." त्यांनी वर पाहिलं, मग लिहायला लागले.

दुपारी गणिताचा आणखी एक तास होता. सरांना हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, हे दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी मराठी पाठ्यपुस्तक त्यांच्या हातात दिलं. ते अडखळत वाचू लागले, पोरं हसली, मग एकेक जण उच्चार सुधारू लागला. वर्गात कन्नड येणारी आणखी पाच मुलं निघाली. तासाला एकाची पाळी ठरली, आणि ज्याची पाळी त्याला शेजाऱ्यानं वही उतरवून द्यायची.

"पयली पाळी माजी," प्रज्ञा म्हणाली. "पन सर, हळू बोला. मी भागू न्हाई."

भाग्यश्री त्या तासाला बसून लिहीत होती. दीड पान झालं.

संध्याकाळी प्रज्ञाचे वडील घरोघर फिरून पालकांच्या सह्या घेऊन आले. शुक्रवारी राजेश्वरहून बसवकल्याण, तिथल्या तालुक्याच्या ऑफिसात कागद दिले, तिथूनच उमरगामार्गे परत. दुपारचं जेवण हुकलं, भजी खाल्ली.

घरी येऊन चार दिवस झाले. पाळ्यांनी वर्ग चालेल, पण लंगडत चालेल. तेवीस मुलांचं आणखी एक वर्ष अशा सोयीवर काढायला मी तयार नाही. मुलगी तिथून काढली म्हणून प्रश्न सुटला, असंही मी म्हणणार नाही. मी अर्जाचा पाठपुरावा करणार आहे. काय कुणाच्या हाती दिलं, त्याची नोंद:

शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत: गुरुवारी मुख्याध्यापकांकडून आईच्या हाती, सही घेऊन. शनिवारी लातूरच्या शाळेत जमा.

गणिताच्या सरांचे दोन अर्ज, मुख्याध्यापकांचं त्यांच्या अक्षरातलं पत्र, पालकांच्या सह्यांचा कागद: शुक्रवारी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, शिक्का मारलेली पोच मिळाली. पोचेच्या प्रती तीन: शाळा, प्रज्ञाचे वडील, मी.

नववीच्या वर्गाला मराठी येणारा गणिताचा शिक्षक, एक: अद्याप दिलेला नाही.